वीस लाखांत नेमकं काय काय धरतात? (जर्मनीचे पैसे, मागच्या खोल्या आणि माझी पंचाईत)

रेघोट्या

मांद्र्याहून लिहितेय. घरीच बसून डिझाइनची कामं करते. हॉटेलांची मेन्यूकार्डं, काजूच्या पाकिटांची लेबलं, पुण्याच्या दोन एजन्सी, आणि गेली दोन वर्षं जर्मनीतला एक छोटा स्टुडिओ. शिवाय घराच्या मागच्या अंगाच्या दोन खोल्या सीझनला अ‍ॅपवर देते. 'वीस लाखांच्या वर गेलं की जीएसटी' एवढं एकच वाक्य मला पाठ होतं. त्याच्या जिवावर सहा वर्षं निवांत झोपले.

काल आयकरासाठी म्हणून वही उघडली. एप्रिलपासूनचे आकडे: गोवा नि पुणे मिळून ९ लाख ६० हजार, जर्मनी ७ लाख ८० हजार, खोल्या ३ लाख ४० हजार. बेरीज २० लाख ८० हजार.

मी आजवर मनात फक्त पहिलाच आकडा धरत आले. जर्मनीच्या पैशांवर जीएसटी नसतो असं ऐकलेलं. खोल्यांचा कर अ‍ॅपवाला परस्पर भरतो, त्याच्या स्टेटमेंटवर तशी ओळच असते. मग हे दोन्ही वीस लाखांत धरायचं की नाही? तारखा लावून बघितलं तर रेघ ओलांडली ती १४ जानेवारीला, ऐन संक्रांतीला. आज २ फेब्रुवारी. तीळगूळ खाताना कळलं असतं तर घशात अडकला असता.

आणखी एक. दिवाळीत लॅपटॉप घेतला, ८२,००० अधिक १४,७६० कर. नोंदणी केली तर ते तरी परत मिळतील का?

उगाच_खवट

सहा वर्षं कर बुडवला आणि आता धागा काढलाय. छान.

रेघोट्या

बुडवला नाही हो, आधीची पाच वर्षं तिन्ही मिळून पंधराच्या आत होते. वही आहे माझ्याकडे.

जमाखर्च

म्हापशात रिटर्न भरण्याचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं: कर लागतो की नाही हा एक प्रश्न आणि उलाढालीत धरायचं की नाही हा दुसरा. बहुतेकांचा घोळ इथेच होतो. वीस लाखांची मर्यादा ही 'एकूण उलाढाली'ची आहे. तिच्यात एका पॅनवरचं सगळं येतं: करपात्र, करमाफ, परराज्यातलं, निर्यातसुद्धा. जर्मनीच्या कामावर कराचा दर शून्य, पण बेरजेत ते पूर्ण धरायचं. उद्या कोणाला राहण्यासाठी फ्लॅट भाड्याने दिलात, तर त्या भाड्यावर कर नाही, पण तेही बेरजेत. बँकेत खाती चार असोत, पॅन एकच आहे.

खोल्यांचं असं की, मालक नोंदणीच्या मर्यादेखाली असेल तर त्याच्याऐवजी अ‍ॅपने कर भरायचा, अशी कलम ९(५) ची तरतूद आहे. म्हणून ती ओळ तुम्हाला दिसते. ती सोय मालक मर्यादेत असेपर्यंतच. तुम्ही ओलांडलीत. आता जीएसटी नंबर मिळाला की तो अ‍ॅपला कळवायचा, आणि त्या दोन खोल्यांचा कर तुमचा तुम्ही भरायचा.

दुसरं, आणि घाईचं: मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज केला तर नोंदणी १४ जानेवारीपासूनच लागू होते. चुकवलंत तर ज्या दिवशी नंबर मिळेल त्या दिवसापासून. मधल्या काळाचा कर तरीही द्यावा लागतो, पण तो समोरच्याकडून रीतसर घेण्याची वाट बंद होते. तुमच्या हातात अकरा दिवस आहेत. धागा नंतर वाचा, आधी अर्ज टाका.

तिसरं: लॅपटॉप विसरा. नव्या नोंदणीच्या वेळी आदल्या दिवशी शिल्लक असलेल्या मालाचं इनपुट (खरेदीवर दिलेला कर वळता करून घेणं) मिळतं. लॅपटॉप हे भांडवली सामान, त्याचं मिळत नाही. पंधरा जानेवारीला घेतला असता तर मिळालं असतं.

रेघोट्या

चौदा हजार सातशे साठ. आता तो लॅपटॉप उघडताना दर वेळी हा आकडा दिसणार.

अर्ज आज रात्रीच भरायला घेते. एक विचारते: १४ तारखेनंतर पुण्याच्या एका एजन्सीला ६० हजारांचं बिल पाठवलंय, कराविना. त्याचं काय?

जमाखर्च

नंबर मिळाल्यापासून महिन्याभरात त्या मधल्या काळातल्या बिलांची सुधारित बिलं काढता येतात. ६०,००० अधिक १८ टक्के म्हणजे १०,८००. पुण्याचा ग्राहक म्हणून आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या व्यवहाराचा जीएसटी. एजन्सी नोंदणीकृत असेल तर कुरकुर करणार नाही, तिला ते इनपुटमध्ये मिळतात. आजच त्यांच्या अकाउंटवाल्याला फोन करून ठेवा. नंतर अचानक १०,८०० चं वाढीव बिल पाहून माणूस बिथरतो.

पसरकार

डिचोलीला आमचा पसरा (दुकान) होता, आता मुलगा बघतो. मी विक्रीकराच्या काळातला माणूस. १ एप्रिल २००५ ला गोव्यात व्हॅट आला तेव्हा 'सेटऑफ' हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला, आणि समजायला मला वर्ष लागलं. शेवटी एका काजूवाल्याने गणित घालून समजावलं. तेच आजच्या दराने मांडतो, जीएसटीतही आत्मा तोच आहे.

भाटातला (बागेतला) शेतकरी कारखान्याला १ लाखाच्या सोलायच्या बिया देतो. शेतकऱ्याला नोंदणी नाही, म्हणून कर कारखान्याने उलटा भरायचा, ५ टक्क्यांनी ५,००० रोख. कारखाना गर दुकानाला १ लाख ६० हजाराला विकतो, वर ८,००० कर. त्यातून आधीचे ५,००० वजा, ३,००० भरतो. दुकानदार पर्यटकांना २ लाखांना विकतो, वर १०,००० कर. त्यातून ८,००० वजा, २,००० भरतो. सरकारकडे गेले ५ अधिक ३ अधिक २, म्हणजे दहा हजार. बरोबर २ लाखांचे ५ टक्के. आणि ते सगळे कोणाच्या खिशातून? पिशवी घेऊन विमानतळावर गेलेल्या पर्यटकाच्या. मधले आम्ही सगळे नुसते हमाल.

पूर्वीच्या पद्धतीत कच्च्या मालावर दिलेला कर किमतीतच मुरायचा आणि पुढचा कर त्या करावरही बसायचा. किती बसला ते देवालाच ठाऊक.

वाळूतलं_टेबल

पसरकारबाब, हमाल हा शब्द आवडला, पण माझ्या बाबतीत तो अर्धाच खरा. माझं किनाऱ्यावर रेस्टॉरंट आणि बार. जेवणावर ५ टक्के घ्यायचे आणि इनपुट शून्य. फ्रीज घेतला, त्यावरचा १८ टक्के कर माझ्या डोक्यावर. वर बियर-फेणी जीएसटीत नाहीच, तिला व्हॅट. एकाच टेबलाच्या बिलात दोन सरकारी हिशेब. गिऱ्हाईक दर आठवड्याला विचारतो, 'व्हॅट तर २०१७ ला बंद झाला ना?' त्याला सांगतो, बाबा, दारूला आणि पेट्रोलला अजून तोच आहे.

शिवाय कंपोझिशन (छोट्या धंद्यांसाठीची ठोक कराची योजना) घ्यावं म्हटलं तर सीए म्हणाला, दारू विकतोस ना, मग नाही. शेजारी फक्त कढी-भाताची खानावळ आहे, तिला मिळतं.

जमाखर्च

बरोबर सांगितलं त्याने. जीएसटीच्या कक्षेबाहेरची वस्तू विकणाऱ्याला कंपोझिशन घेता येत नाही, आणि पिण्याची दारू कक्षेबाहेर आहे. ही अट गोव्यात जेवढी टोचते तेवढी बाकी कुठे टोचत असेल की नाही कोण जाणे.

रेघोट्याताईंनाही कोणीतरी सुचवेलच, की सेवा देणाऱ्यांना ५० लाखांपर्यंत ६ टक्क्यांची कंपोझिशन आहे, ती घे. घेऊ नका. त्यात राज्याबाहेर काम देता येत नाही. पुणे गेलं, जर्मनी गेली. बिलावर कर लावता येत नाही, ते ६ टक्के आपल्या पदरचे.

स्विंडनकर

आमच्याकडची गंमत सांगतो. मूळचा साळगावचा, आता इंग्लंडात घरांची रंगकामं घेतो. इथे व्हॅटची मर्यादा ९०,००० पौंड, दर २० टक्के. पण मर्यादा आर्थिक वर्षावर नाही, कोणत्याही सलग बारा महिन्यांवर. दर महिनाअखेरीला मागे वळून बेरीज करायची. भारतात निदान १ एप्रिलला पाटी कोरी होते.

माझी गिऱ्हाइकं घरमालक. त्यांना इनपुट-बिनपुट काही नाही. मर्यादा ओलांडली तेव्हा दोन वाटा होत्या: भाव २० टक्के वाढव, नाहीतर तेवढे स्वतः सोस. मी वाढवले. दोन कामं गेली, दोन राहिली. माझा मेहुणा कारखान्यांसाठी वेल्डिंग करतो, त्याने मर्यादेच्या खूप आधीच आपणहून नोंदणी केली. त्याच्या गिऱ्हाइकांना फरक पडत नाही आणि त्याच्या यंत्रावरचा व्हॅट त्याला परत मिळतो.

एक चांगलं आहे इथे. १३.५ लाख पौंडांपर्यंतच्या धंद्याला 'कॅश अकाउंटिंग' निवडता येतं. पैसे हातात आले की मगच व्हॅट.

रेघोट्या

हे शेवटचं वाचून हेवा वाटला. पुण्याच्याच दुसऱ्या एका एजन्सीकडे माझे पाच महिन्यांपूर्वीचे ४५ हजार अडकलेत. 'प्रोसेसमध्ये आहे' हा एकच मेसेज चार वेळा आलाय. यापुढे अशा बिलाचा कर मी आधी खिशातून भरायचा का?

जमाखर्च

हो. सेवेत बिलाची तारीख किंवा पैसे आल्याची तारीख, जी आधी ती. ॲडव्हान्स घेतलात तर त्यावरही त्याच महिन्यात. आपल्याकडे फ्रीलान्सरला सर्वांत जास्त चटका बसतो तो इथे, दराने नव्हे.

दोन उपाय. काम संपायच्या आधी बिल काढायची घाई करू नका, आधी प्रोफॉर्मा (कच्चं बिल) पाठवा. पण काम संपल्यावर ३० दिवसांत बिल काढावंच लागतं, तेव्हा फार ताणता येत नाही. दुसरं, समोरच्याने १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्याने घेतलेलं इनपुट त्याला व्याजासकट परत करावं लागतं. हे एक वाक्य मेलमध्ये, नम्रपणे, त्यांच्या अकाउंटवाल्याला सीसी करून टाकायचं. मालकापेक्षा अकाउंटवाला लवकर हलतो. तुमच्या या जुन्या बिलात मात्र कर नव्हता, त्याला हे लागू नाही.

पेटीवाला

धागा वाचून घाबरलो आहे. मी माशेलचा, नाटकांना आणि भजनाला पेटीची साथ करतो. जत्रेच्या दिवसांत महिन्याला वीस-बावीस कार्यक्रम होतात. मलाही हे सगळं करायचं आहे का?

जमाखर्च

पेटीवाले, शांत व्हा. वर्षाला वीस लाख होतात का तुमचे?

पेटीवाला

वीस लाख झाले असते तर मी स्कूटरवर पेटी बांधून हिंडलो असतो का?

जमाखर्च

मग झालं. आणि झाले तरी, लोककला किंवा शास्त्रीय संगीत, नृत्य, नाट्य यांत कलाकाराचं एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखाच्या आत असेल तर जीएसटी माफ आहे. किनाऱ्यावरच्या डीजेला ही सूट नाही.

वाळूतलं_टेबल

म्हणजे मी शनिवारी डीजेऐवजी भजन ठेवावं?

पसरकार

ठेवच. बियर खपणार नाही, व्हॅटही वाचेल.

(अवांतर: आमच्या गावच्या पोदेराला (पाववाल्याला) गेल्या वर्षी कोणीतरी नोंदणी करून देतो म्हणून पैसे मागितले होते. पावाला कर नाही. नुसता करमाफ माल विकणाऱ्याला नोंदणीच लागत नाही, मग उलाढाल कितीही असो. पोदेर सायकलवरूनच म्हणाला, 'लोक उंड्यांचे पयशे दिनात, तुका खंयच्यान दितलों?' म्हणजे लोक पावाचे पैसे देत नाहीत, तुला कुठून देऊ?)

उगाच_खवट

एक खरा प्रश्न. काजू-कोकमाचं ऑनलाइन दुकान काढतोय, वस्तूंना मर्यादा ४० लाख आहे ना? मग मला काय?

जमाखर्च

मर्यादा ४० लाख, गोव्यालाही. पण राज्याबाहेर एक पाकीट पाठवलंत तरी पहिल्या रुपयापासून नोंदणी. सेवा परराज्यात दिली तर वीस लाखांपर्यंत चालतं, वस्तूला ती सूट नाही. फक्त गोव्यातल्या गोव्यात दुसऱ्याच्या विक्री-वेबसाइटवरून विकत असाल तर ऑक्टोबर २०२३ पासून सवलत आहे. पण गोव्याचे काजू ऑनलाइन कोण मागवतो? मुंबई, बेंगळुरू. तेव्हा नोंदणी कराच.

रेघोट्या

चौथ्या दिवशीची खबर. अर्ज गेला, आधार पडताळणी झाली, आणि आज शंका काढून परत आला.

कारण ऐका. जागेचा पुरावा म्हणून वीजबिल जोडलं होतं. ते आजोबांच्या नावावर आहे. आजोबा १९९८ साली गेले. घर अजून वाटणी न झालेलं. जमिनीच्या एक चौदाच्या उताऱ्यावर सात नावं आहेत, त्यातले तिघे मुंबईत आणि एक मामा बोलत नाहीत. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, 'मालकाचं संमतिपत्र आणा.' म्हटलं, मालकाला आणायचं तर श्राद्धालाच बोलवावं लागेल. तो हसला नाही.

पसरकार

पेडणे तालुक्यात अर्ध्या घरांची हीच कथा. माझ्या मुलाच्या वेळी मृत्यूचा दाखला, पंचायतीची चालू घरपट्टीची पावती आणि उताऱ्यावर नाव असलेल्या आईचं संमतिपत्र एवढ्यावर भागलं होतं. न बोलणाऱ्या मामांपर्यंत जावं लागलं नाही.

जमाखर्च

तेच करा. सोबत एका पानावर नातं लिहून द्या: आजोबा, त्यांची मुलगी म्हणजे आई, तिची मुलगी मी. उत्तराला मुदत सात कामाच्या दिवसांची असते, ती पाळा. मुदतीत उत्तर दिलंत तर मूळ अर्जाची तारीख जात नाही.

नंबर येईपर्यंत जर्मनीच्या बाजूची तयारी करून ठेवा. एलयूटी (निर्यातीचं हमीपत्र) हा अर्ज पोर्टलवर पाच मिनिटांत होतो, फॉर्म आरएफडी-११. तो असला की आयजीएसटी न भरता निर्यातीचं बिल काढता येतं. दर आर्थिक वर्षाला नवा, म्हणजे हा आता आणि पुन्हा एप्रिलमध्ये. १४ जानेवारी ते आजपर्यंतच्या बिलांची धास्ती घेऊ नका. एलयूटीला उशीर झाला म्हणून निर्यातीचा लाभ नाकारू नये, असं मार्च २०१८ चं परिपत्रक आहे. पैसे युरोत आल्याचा बँकेचा कागद मात्र प्रत्येक बिलाला लावून ठेवा. जर्मनीतला व्हॅट तिथला स्टुडिओ आपल्या रिटर्नमध्ये स्वतः दाखवतो, तो तुम्ही लावायचा नाही.

आणि तुम्ही डिझाइनच्या सॉफ्टवेअरची वर्गणी परदेशी कंपनीला देत असाल. आतापर्यंत ती तुम्हाला १८ टक्के लावत असेल. नंबर दिलात की लावणार नाही, मग तो कर तुम्ही उलटा भरायचा, रोख, इनपुटमधून नव्हे. त्याच रिटर्नमध्ये त्याचं इनपुट परत घ्यायचं. एका खिशातून काढून दुसऱ्यात, पण विसरलात तर नोटीस.

रेघोट्या

खोल्यांवर किती लावू? भाडं अडीच हजार रात्रीला.

जमाखर्च

साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, इनपुटविना. म्हणजे खोलीच्या गाद्या-पंख्यांवरचा कर घ्यायचा नाही, डिझाइनच्या सामानावरचा घ्यायचा. इंटरनेट दोन्हीकडे वापरता, तिथे वाटणी. पाहुणा मुंबईच्या कंपनीचा असला तरी कर गोव्याचाच, अडीच अधिक अडीच. खोली जिथे आहे तिथला कर, पाहुणा कुठलाही असो.

तिमाही रिटर्न निवडा. जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांची यादी) तेरा तारखेला, ३बी (कराचा हिशेब) गोव्याला बावीसला. मधल्या दोन महिन्यांचा कर पंचवीसपर्यंत चलनाने. पुण्याच्या एजन्सीची बिलं मात्र दर महिन्याला आयएफएफमध्ये (पोर्टलवर बिलं आधी टाकायची सोय) टाका, नाहीतर त्यांना इनपुट तीन महिने दिसणार नाही आणि तुमचे पैसे पुन्हा 'प्रोसेसमध्ये' जातील.

रेघोट्या

आज नंबर आला! पहिले दोन आकडे ३०, म्हणजे गोवा, पुढे माझा पॅन. लागू दिनांक १४ जानेवारी. आईने विचारलं, हे देवापुढे ठेवायचं का. म्हटलं, ठेव, पण आजोबांच्या फोटोखाली, त्यांच्याच वीजबिलावर मिळालाय.

पुण्याच्या पहिल्या एजन्सीने सुधारित बिल निमूट घेतलं. म्हापशाच्या एका बेकरीवालीला मात्र १८ टक्के सांगितले तर म्हणाली, 'मग तेवढे कमी करून दे.' तिची नोंदणी नाही. तिच्या केकच्या डब्याचं डिझाइन सात हजारांचं होतं, त्यातच कर धरून घेतला. हातात ५,९३२ आले. स्विंडनकर, तुमची आठवण झाली.

स्विंडनकर

पुढच्या वेळी आधी विचार, 'नंबर आहे का?' मग भाव सांग.

पेटीवाला

जमाखर्च, एक राहिलं. मी लोकांच्या पेट्या दुरुस्तही करतो. ते पैसे त्या कलेच्या सुटीत येतात का?

जमाखर्च

नाही. ती दुरुस्ती, १८ टक्के. पण वीस लाख होईपर्यंत तुम्ही वाजवा.